सातच्या पायातला टवका

११ एप्रिल २०२२, सोमवार. फ्लिंट

माझ्या व्यवसायाच्या विमा कंपनीचे वकील मिस्टर ऑग्डेन यांनी आज फोनवर सांगितलं की, या प्रकरणात जे होईल ते रोजच्या रोज लिहून ठेवा. म्हणून ही वही. त्यांना द्यायचं ते वेगळं टाइप करीन. इथे मला वाटेल ते लिहीन.

प्रकरण असं. २०११ च्या जून महिन्यात मी लेमार हॅस्किन्स यांच्या १९७० सालच्या, मोठ्या ताकदीच्या 'मसल कार'मधलं इंजिन तपासलं आणि दाखला दिला की, हे कारखान्यातून याच गाडीबरोबर बाहेर पडलेलं मूळ इंजिन आहे. आता मिशिगनच्या पार उत्तरेला, लाकूड कापायच्या एका गिरणीत, त्याच नंबरचं दुसरं इंजिन निघालं आहे. गिरणीवाल्याच्या सुनेने नंबरावरचा मळ पुसून तो जुन्या गाड्यांच्या क्लबच्या यादीत शोधला आणि सरळ लेमारना लिहिलं, 'तुमचं इंजिन आमच्याकडे आहे.'

एका नंबरची दोन इंजिनं कारखाना बनवत नाही. दोनातलं एक खोटं आहे.

ऑग्डेननी विचारलं, "तुमची किती खात्री आहे?"

"दाखला मी दिलाय," मी म्हटलं.

"म्हणूनच विचारतोय."

माणूस तरुण आहे. माझ्या दाखल्यावर या देशात गाड्यांचे सौदे होतात आणि आजवर एकही परत आलेला नाही, हे त्याला माहीत नसावं. सांगितलं.

१२ एप्रिल

लेमारची फाइल काढली. लेमारनी ही गाडी व्हिएतनामहून परतल्यावर कोरी घेतली होती. दुसरं मूल झालं तेव्हा, ७४ साली, विकली. वीस वर्षांनी तीच गाडी त्यांना ओहायोत एका शेतावर सापडली, पण आत इंजिन नव्हतं. जुन्या पावतीवर इंजिनाचा नंबर होता. त्यांनी क्लबच्या मासिकात दर महिन्याला जाहिरात दिली, 'हवं आहे: या नंबरचं इंजिन.' पंधरा वर्षं. शेवटी इंडियानातला एकजण इंजिन घेऊन आला. तो माणूस नंतर वारला. इंजिन गाडीत बसवून झाल्यावर लेमारनी मला बोलावलं.

तेव्हाची माझी टिपणं स्वच्छ आहेत. ब्लॉकच्या ओतकामाची तारीख मार्च १९७०, म्हणजे एप्रिलमध्ये बनलेल्या गाडीच्या आधीची, योग्य. नंबर ज्या सपाट जागेवर ठोकतात तिथे आमच्या कारखान्यातल्या (मी तिथेच इन्स्पेक्शनमध्ये होते) यंत्राच्या पात्याच्या बारीक रेघा, योग्य. नंबर खोडून नवा ठोकणारे लोक या रेघांवरच पकडले जातात. आणि सगळ्यात महत्त्वाचं: नंबरातल्या दोन्ही सातांच्या पायाला डावीकडे केसाएवढा टवका. तो नंबर पंच, म्हणजे आकडा ठोकायचा पोलादी ठसा, मी ओळखते. १९९५ मध्ये आमची लाइन बंद झाली तेव्हा इन्स्पेक्शन खात्याने मला निरोप देताना सगळे जुने नंबर पंच लाकडी पेटीत घालून दिले. सात आकड्याच्या पंचाच्या पायाला तो टवका आहे.

मी तेव्हा लिहिलंय, 'नंबर पाहताक्षणी शंका उरली नाही. ओळखीचा वाटला.' साहजिक आहे, जाहिरात इतकी वर्षं डोळ्यांसमोर होती.

इंजिन उतरवून खालून तपासल्याशिवाय दाखला देऊ नये, हा माझाच नियम. त्या दिवशी तो पाळला नाही, कारण गरज नव्हती.

१४ एप्रिल

रेनाटा पोप्लाव्स्की आली. कॉलेजातल्या माझ्या संध्याकाळच्या वर्गात ती होती, तेव्हा सत्तावीस वर्षांची. आता बर्टनला तिचं स्वतःचं मशीन शॉप आहे. उत्तरेला जायचं तर गाडी ती चालवणार, मला आठ तास सलग झेपत नाही.

तिला फोटो दाखवले. तिने भिंग घेऊन बराच वेळ पाहिले.

"बाई, लेमारच्या इंजिनाचा खालचा ऑइलचा चेंबर एकदा खोलून बघायचा का?"

"कशाला? नंबर वर असतो."

"असंच. बघायला."

"असंच बघायला मी कधी काही खोललेलं नाही."

ती हसली. मग म्हणाली, "तुम्ही वर्गासाठी बनवलेले ते सहा ब्लॉक कुठे गेले हो?"

"कॉलेजने कोर्स बंद केला, सामान लिलावात काढलं. भंगारवाल्याने नेले असतील. त्याचा इथे काय संबंध?"

"नाही, आठवलं. काय बनवले होते तुम्ही. मी तर सहापैकी एकही पकडू शकले नव्हते."

ते खरं आहे. खोटा नंबर कसा ओळखायचा हे शिकवायचं तर खोटं नीट बनवता आलं पाहिजे. मी उन्हाळ्याच्या सुट्टीत सहा जुने ब्लॉक आणले, पात्याच्या रेघा आमच्याच कारखान्याच्या टाकून दिलेल्या पात्याने काढल्या. अर्धवट काम मला जमत नाही.

रेनाटा हुशार आहे, पण बोलता बोलता विषय सोडून जायची तिची खोड अजून गेली नाही.

१९ एप्रिल. ह्यूटन

उत्तर मिशिगनला जोडणाऱ्या मोठ्या पुलाच्या अलीकडे पाऊस, पलीकडे बर्फ. लेमारही बरोबर आले. सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत, मागच्या सीटवर कोट मांडीवर घेऊन ताठ बसले होते. ह्यूटनला मी चार वर्षं धातुशास्त्र शिकले, वर्गात मी एकटी मुलगी होते. उतरणीवरचं गाव होतं तसंच आहे.

गिरणी गावापासून वीस मैल आत. मालक टोइवो निएमेला, वय चौऱ्याऐंशी. इंजिन जमिनीत पुरलेल्या दोन तुळयांवर बसवलेलं, पट्ट्याने करवत फिरवत होतं. आम्ही उतरलो तेव्हा तो फळ्या काढत होता, हात दाखवून थांबायला सांगितलं आणि ओंडका संपवूनच इंजिन बंद केलं. हे मला आवडलं.

सून कार्ला पुढे आली. "तेच तपासायला आलात ना? विकायचं आहे आम्हाला. काय आहे ते स्पष्ट सांगा."

"स्पष्टच सांगते मी," मी म्हटलं.

ते ७७ साली मार्केट नावाच्या गावातल्या भंगाराच्या वखारीतून आणलं, असं टोइवो म्हणाला. तेव्हापासून हेड एकदाही उघडलेलं नाही. मी दिवा लावून पाहिलं. ओतकामाची तारीख जुळते. रेघा सुरेख आहेत. आकडे सरळ. पण दोन्ही सात अखंड, टवका नाही. तीनदा पाहिलं.

"हे खोटं आहे," मी सांगितलं. "काम उत्तम आहे, पण पंच आमच्या कारखान्याचा नाही."

कार्लाचा चेहरा पडला. टोइवोने पाइप शोधत खिसे चाचपले. "पोरी, पंचेचाळीस वर्षं ते रोज चाललंय. ते खोटं आहे हे त्याला कोणी सांगितलं नाही बहुतेक."

मला बहात्तराव्या वर्षी पोरी म्हणणारा हा एकटाच.

"खोटं काय असेल त्यात?" तो पुढे म्हणाला. "पंचेचाळीस वर्षांपूर्वी भंगारात पडलेल्या इंजिनावर कोण खोटा नंबर ठोकत बसेल? तेव्हा ही इंजिनं फुकट मिळायची."

सुनेने वेलदोड्याचा पाव आणि कॉफी दिली. लेमार आत आलेच नाहीत. खिडकीतून पाहिलं, ते बर्फात उभे होते, इंजिनाच्या गरम झाकणावर पंजा टेकून.

२० एप्रिल

परतीचा प्रवास. पुलाजवळ लेमार म्हणाले, "मिसेस वॉसबर्ग, ते लाकूडवाल्याचं इंजिन छान चालत होतं."

"छान चालणं आणि खरं असणं वेगळं."

"हो. माझंच खरं आहे. आवाजच सांगतो. बसवलं त्या दिवशी सुरू केलं आणि बायकोला म्हटलं, बघ, घरी आला."

रेनाटाने आरशातून त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा रस्त्याकडे. थोड्या वेळाने मला विचारलं, "बाई, पंचाला तो टवका कधी पडला?"

"पहिल्यापासून आहे."

"पहिल्यापासून म्हणजे कधीपासून?"

"मी पाहिल्यापासून."

"तुम्ही बहात्तर साली लागलात ना कारखान्यात?"

"रस्त्याकडे बघ," मी म्हटलं.

टोइवोचा प्रश्न मात्र डोक्यातून जात नाही. ७७ साली कोणी कशाला ठोकेल?

२३ एप्रिल, शनिवार

हे नीट क्रमाने लिहिते.

सकाळी मी तपासलेल्या सगळ्या इंजिनांचे फोटो काढले आणि कारखान्यातून बाहेर पडल्याच्या तारखेप्रमाणे टेबलावर मांडले. एप्रिल १९७० च्या आसपासची नऊ आहेत, त्यातल्या सहांत सात आकडा आहे. सहाही अखंड. टवका पहिल्यांदा दिसतो तो सप्टेंबर १९७१ च्या इंजिनावर. त्यानंतर प्रत्येकावर.

म्हणजे एप्रिल ७० मध्ये पंच धड होता. टवक्याचा सात ७१ च्या शरद ऋतूनंतरच ठोकला जाऊ शकतो. आणि १९९५ पासून तो पंच माझ्या गॅरेजमध्ये, माझ्या पेटीत, माझ्या किल्लीखाली आहे.

हे फोटो अकरा वर्षं माझ्याच कपाटात होते. कधी शेजारी शेजारी ठेवले नाहीत. पंच माझ्याकडे आहे एवढ्याने माझं भागत होतं.

दुपारी वर्गाच्या जुन्या कागदांचा खोका उघडला. १९९८ च्या फोल्डरमध्ये मासिकातून कापलेली लेमारची जाहिरात निघाली. नंबरखाली पेन्सिलची रेघ आणि समासात माझ्या अक्षरात: 'नमुना ४.'

नमुन्यासाठी खराखुरा, तारखांशी जुळणारा नंबर हवा होता. तो मी जाहिरातीतून घेतला. ज्याचं इंजिन कधीच सापडणार नाही अशा माणसाचा घेतला, म्हणजे कोणाला त्रास नाही, असा विचार केला होता. तो विचार मला आता स्पष्ट आठवतो.

नंतर कोणीतरी लिलावात तो ब्लॉक उचलला, त्यावरचा नंबर मासिकात पाहिला आणि लेमारना विकला. आणि लेमारनी तो मला दाखवला. मी म्हटलं, ओळखीचा वाटतो.

२५ एप्रिल

कालचा दिवस चर्च आणि घरसफाईत घालवला.

आज सकाळी रेनाटाला फोन केला. "चेंबर खोलायचा आहे."

"बरं," ती म्हणाली. कशासाठी, हे विचारलं नाही.

लेमारच्या गॅरेजमध्ये गाडी वर घेतली. रेनाटा खाली सरकली. लेमार खुर्ची घेऊन बसले होते. मी त्यांना अजून काही सांगितलं नव्हतं, कारण पुराव्याआधी बोलायची मला सवय नाही. तेल काढलं, बोल्ट काढले, चेंबर उतरला.

"शेवटच्या बेअरिंग कॅपवर बघ," मी म्हटलं. "पुसून."

ती खालून म्हणाली, "तीन टिंबं आहेत, बाई. आणि शेजारी एक."

वर्गाचे नमुने खऱ्यात मिसळू नयेत म्हणून मी प्रत्येकावर खूण केली होती. तीन टिंबं माझी. शेजारी नमुन्याच्या क्रमांकाएवढी, म्हणजे चार टिंबं हवी होती, पण चौथा नमुना कॉलेजला पाठवायच्या दिवशी मी घाईत एकच ठोकलं होतं, बाकीची नंतर ठोकायची राहिली. एकदाच घाई केली होती, आणि तीही दिसली.

मी लेमारसमोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं. नंबर कुठून घेतला, का घेतला, कोणी ठोकला, दाखला कसा दिला. पाच मिनिटं लागली असतील.

ते गाडीकडे वळले. "म्हणजे हे इंजिन तुम्ही बनवलंत."

"नंबर मी ठोकला."

"आणि तुम्हीच तपासलंत."

"हो."

"आणि पास केलंत."

"हो."

ते हसायला लागले. मला ते हसणं योग्य वाटलं नाही, पण थांबवण्याचा मला अधिकार नव्हता. मग ते थांबले आणि म्हणाले, "अकरा वर्षं मी हिच्यात बसून बायकोला सांगत होतो, ऐक, हाच तो आवाज. ती गेली तेव्हा दवाखान्यातून मी हिच्यातूनच घरी आलो."

मी म्हटलं, "तुमचं खरं इंजिन उत्तरेत आहे. ते मी तुम्हाला आणून देणार आहे."

बाहेर आल्यावर रेनाटाला विचारलं, "तुला केव्हा कळलं?"

"फोटो पाहिले तेव्हा. तो नमुना चार माझ्या टेबलावर होता, बाई. पूर्ण सत्र. त्याच्यावर मी नापास झाले होते."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले की. चेंबर खोलू या म्हटलं, ब्लॉक कुठे गेले विचारलं, टवका कधी पडला विचारलं. अजून कसं बोलायचं असतं?"

उद्धट नव्हती बोलण्यात. मला उशिरा कळलं, एवढंच.

२६ एप्रिल

ऑग्डेनना सांगितलं. ते घाबरले. म्हणाले, "दाखल्यावर 'माझ्या मते' असे शब्द आहेत. तुम्ही कोणालाही लेखी काही देऊ नका. मत चुकू शकतं."

"मत चुकलेलं नाही," मी म्हटलं. "मत मी दिलंच नाही. मी माझंच काम पाहून खूश झाले."

"हे वाक्य कृपा करून कुठेही लिहू नका."

लिहिलं.

दुसरी गोष्ट: नमुने सहा होते. एक सापडला, पाच कुठेतरी आहेत, बहुतेक पाच गाड्यांमध्ये. पाचांचे नंबर माझ्या फोल्डरमध्ये आहेत. क्लबला पत्र लिहून, नाव घालून पाठवलं. माझ्या जुन्या दाखल्यांत त्यातला आणखी एकही नाही, हे दोनदा तपासलं. पुढच्या अंकात छापून येईल. दुपारपासून फोन वाजतोय. ज्यांना ओरडायचं आहे त्यांचं ऐकून घेते.

२ मे

टोइवोला फोन केला. आधी म्हटलं, "मी चुकले होते. तुमचं इंजिन खरं आहे."

"त्याला सांगतो," तो म्हणाला. "खूश होईल."

मग कार्लाने फोन घेतला आणि तिची किंमत सांगितली. लेमारशी तिचं बोलणं करून दिलं, त्यांचं जमलं. पण टोइवोची एक अट होती. "इंजिन न्या. पण न्याल त्यानंतरच्या सोमवारी मला करवत चालवायची आहे. त्या जागी दुसरं हवं."

लेमारही फोनवर होते, म्हणाले, "माझ्या गाडीतलं द्या ना त्याला. चांगलं आहे. मीच बांधून घेतलं होतं."

"त्यावर खोटा नंबर आहे," मी म्हटलं.

"ते मला चालेल," टोइवो दुसऱ्या बाजूने म्हणाला. "मी लाकूड कापतो."

"मला चालणार नाही," मी म्हटलं.

१२ मे

रेनाटाच्या शॉपमध्ये नमुना चारवरचा नंबर मी स्वतः घासून काढला. ती करते म्हणाली, मी दिलं नाही. धातू निळसर होईपर्यंत घासला, मग त्या जागी मोठ्या अक्षरांत ठोकलं: 'वर्गातला नमुना. आ. वॉसबर्ग, १९९८.' यावेळी टिंबंही पूर्ण केली.

"टोइवोला वाचता येईल एवढं मोठं झालंय," रेनाटा म्हणाली.

"तेवढंच हवं होतं."

२० मे, शुक्रवार

गिरणीतलं इंजिन साफ होऊन, नव्या पिस्टन रिंगा घालून लेमारच्या गाडीत बसलं. नंबर असलेल्या जागेला कोणीही हात लावला नाही, मी तिथे पट्टी चिकटवून ठेवली होती. यावेळी चेंबर खोलून, कॅप पुसून, सगळं पाहून मगच.

लेमार आत बसले. किल्ली फिरवली. दुसऱ्या फेरीत पकडलं. गॅरेजच्या खिडक्या थरथरल्या. चेंबरजवळून लाकडाच्या भुशाचा वास आला, जळक्या मेपलचा, तो काही दिवस येत राहील.

लेमारनी डोळे मिटून ऐकलं. बराच वेळ. मग म्हणाले, "माझ्या गाडीचा वाटत नाही हा आवाज."

रेनाटाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "हाच आहे, मिस्टर हॅस्किन्स."

"माहीत आहे. तुम्ही म्हणताय म्हणून नाही, हिने पाहिलंय म्हणून." रेनाटाकडे बोट. "सवय होईल. पहिला पण सवयीनेच माझा झाला होता."

गाडी बाहेर काढली आणि कोपऱ्यापर्यंत नेऊन आणली. परत आले तेव्हा मला म्हणाले, "बसा." बसले. दोन चौक गेलो. वेगमर्यादेपेक्षा जास्त चालवत होते, ते सांगितलं.

२१ मे, शनिवार. दिलं-घेतलं

लेमार हॅस्किन्स यांना: मूळ इंजिन, गाडीत बसवलेलं, सुरू. एप्रिल १९७० च्या आसपासचे नऊ आणि या इंजिनाचा एक, असे दहा फोटो, शेजारी शेजारी लावून. माझं पत्र, काय घडलं ते पूर्ण, तीन पानं.

लेमार यांच्याकडून: २०११ चा दाखला. त्यावर लाल शाईने 'रद्द' लिहून, सही करून, एक प्रत क्लबला, एक ऑग्डेनना.

टोइवो निएमेला यांना: बदली इंजिन, वर्गातला नमुना क्रमांक चार, गिरणीत बसवून. १६ तारखेच्या सोमवारी करवत चालली. त्याने फोन करून ऐकवलं.

रेनाटा पोप्लाव्स्की यांना: लाकडी पेटी, नंबर पंच, किल्लीसह. बाकीच्या पाच नमुन्यांचे नंबर आणि आजवर आलेल्या फोनांची यादी, अकरा नावं. दोघींनी मिळून शोधायचं ठरलं.

नवा दाखला, लेमार यांच्या नावे, मूळ इंजिनाचा. सही रेनाटा पोप्लाव्स्की. माझी नाही. तिने तारीख चुकीच्या रकान्यात घातली होती. पुन्हा लिहून घेतला.